महागडा कॅमेरा घेऊन थीम पार्कमध्ये: नाशिकहून खोपोलीच्या सहलीचा वृत्तांत

नाशिकहून सहलीला निघणाऱ्या आमच्या ओळखीच्या बहुतेक कुटुंबांत आता निदान एकाकडे तरी चांगला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅमेरा असतो. आमच्या मित्रमंडळींतल्या काहींनी तर येत्या सिंहस्थाची छायाचित्रे टिपायची म्हणून हप्त्यांवर बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा मूळ कॅमेरा) आणि लेन्स घेतल्या आहेत. असा कॅमेरा नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेताना कोणी विचारात पडत नाही. थीम पार्कची तिकिटे काढली की मात्र तो बरोबर न्यावा का आणि नेला तर राईडच्या वेळी कुठे ठेवावा, हा प्रश्न हमखास निघतो. दिवाळीनंतर एका आडवारी आम्ही सहकुटुंब खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आलो, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: कॅमेरा अवश्य न्यावा, दिवसभर मनसोक्त छायाचित्रे काढावीत, पण एकाही वेगवान किंवा पाण्याच्या राईडवर तो अंगावर घेऊन बसू नये. हे जमायचे असेल तर घरातून निघण्यापूर्वीच थोडी आखणी करावी लागते.

रस्त्याविषयी थोडक्यात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून नाशिककरांना कसारा घाट टाळता येतो. आमण्याहून कल्याण, शिळफाटा आणि पनवेल करत मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाला लागायचे, खोपोलीला उतरायचे आणि पालीच्या रस्त्याने पार्क गाठायचे. शिळफाट्याच्या आसपासची वाहतूक कोंडी टाळायची असेल तर नाशिक अंधार असतानाच सोडावे. रेल्वेने जाणाऱ्यांना नाशिकरोडहून कल्याण आणि तिथून कर्जतमार्गे खोपोलीची लोकल असा प्रवास करता येतो. शेवटच्या टप्प्यासाठी रिक्षा किंवा टॅक्सी करावी लागते.

कॅमेऱ्याच्या दृष्टीने प्रवासातली महत्त्वाची गोष्ट हवेची आहे. नाशिकची हवा कोरडी आणि खोपोली घाटाच्या पायथ्याशी, त्यामुळे तिथली हवा दमट. तासन्‌तास एसीच्या गारव्यात राहिलेली लेन्स गाडीतून उतरताच बाहेर काढली तर तिच्या काचेवर क्षणात वाफ धरते, आणि ती वाफ केवळ पुढच्या काचेवर असेल तर पुसता येते, पण बॉडीच्या आत सेन्सरवर धरली तर काही करता येत नाही. म्हणून पनवेलच्या पुढे एसी बंद करून काचा खाली कराव्यात, किंवा पार्कमध्ये शिरल्यावर अर्धा तास बॅगेची चेन उघडूच नये. तिकीट तपासणी, सामानाची तपासणी आणि पार्कचा नकाशा समजून घेणे यात तेवढा वेळ जातोच.

आता राईडविषयी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या पार्कमधील नायट्रो हा रोलर कोस्टर बिनतळाचा आहे, म्हणजे आसनाखाली फरशी नसते आणि पाय अधांतरी लोंबकळत राहतात. अशा राईडवर कॅमेरा का नको, हे हिशेबाने समजून घेतलेले बरे. मध्यम आकाराची मिररलेस बॉडी आणि २४-१०५ मिलिमीटरची लेन्स मिळून वजन साधारण १.४ किलो भरते. मोठ्या रोलर कोस्टरच्या वळणाच्या तळाशी शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन ते चारपट जोर येतो. त्या क्षणी गळ्यातला तोच कॅमेरा पाच ते साडेपाच किलोचा होऊन पट्ट्याला आणि मानेला ओढतो. पुढच्याच उंचवट्यावर सारे वजन नाहीसे झाल्यासारखे होते, पट्टा सैल पडतो आणि कॅमेरा वर उसळतो. हातात घट्ट धरला तरी हीच ओढाताण मनगटावर येते. खांद्यावरून खाली येणाऱ्या लॉकच्या आत, छातीशी कॅमेरा दाबून बसावे असे काहींना वाटते, पण तेव्हा झटक्याबरोबर त्याची कड थेट बरगड्यांवर बसते, आणि लॉक पूर्ण खाली न आल्यामुळे चालक राईड सुरूच करत नाहीत ते वेगळे.

कॅमेरा हातातून निसटला नाही तरी त्याला त्रास होतोच. आजच्या बहुतेक चांगल्या बॉडींमध्ये हात हलला तरी चित्र स्थिर राहावे म्हणून सेन्सर चुंबकांच्या आधारे तरंगता ठेवलेला असतो, तर लेन्समधील काचेचा एक गट त्याच कामासाठी सरकतो. हे नाजूक भाग हाताच्या थरथरीसाठी बनवलेले आहेत, रुळांच्या दणक्यांसाठी नव्हेत. मोटारसायकलच्या इंजिनाची तीव्र कंपने दीर्घकाळ बसली तर आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरण बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपल कंपनीने २०२१ मध्ये स्वतःहून दिला होता. एका फेरीत असे होईलच असे नाही, पण लाखाच्या वर किंमत असलेली वस्तू त्या परीक्षेला का बसवावी?

याहून गंभीर बाब इतरांच्या जिवाची आहे, आणि तिच्याकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत याचे मला मनापासून वाईट वाटते. चाळीस मीटर उंचीवरून सुटलेली जड वस्तू जमिनीवर येईपर्यंत तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरपर्यंत पोहोचतो, आणि रुळांच्या खाली, रांगेत, मागच्या आसनांवर माणसेच असतात. २०१९ मध्ये स्पेनमधील पोर्टअव्हेंचुरा पार्कमध्ये धावत्या कोस्टरवर पुढच्या प्रवाशाचा उडालेला मोबाइल मागच्या एकाने हवेतच झेलला. त्या चित्रफितीचे सर्वत्र कौतुक झाले, पण तोच मोबाइल कोणाच्या डोळ्यावर बसला असता तर काय झाले असते, हेही ती पाहताना मनात यायला हवे. अमेरिकेत सीडर पॉइंट या पार्कमध्ये ऑगस्ट २०१५ मध्ये एक जण राईडवर हरवलेली आपली वस्तू शोधण्यासाठी कुंपणाच्या आत गेला आणि धावत्या कोस्टरचा आघात होऊन मरण पावला. म्हणून एवढे निक्षून सांगतो की काहीही खाली पडले, अगदी मेमरी कार्डांची डबी पडली तरी, जाळी ओलांडू नये. कर्मचाऱ्यांना सांगावे, आसन क्रमांक आणि वेळ सांगावी, आणि राईड बंद झाल्यावर ते शोधतील त्याची वाट पाहावी.

पाण्याच्या राईडबद्दल गैरसमज अधिक आहेत. बॉडीवर ‘वेदर सीलिंग’ लिहिले आहे म्हणून इमॅजिकातील राजासॉरससारख्या बोटीच्या राईडवर कॅमेरा नेणारे लोक भेटतात. हे सीलिंग पावसाच्या सरीसाठी आणि धुळीसाठी असते. उतारावरून पाण्यात आपटणाऱ्या बोटीतून उसळणारी लाट दाबाने येते आणि लेन्स जिथे बॉडीला जोडलेली असते त्या फटीत, बॅटरीच्या झाकणात आणि चार्जिंगच्या रबरी टोपणाखाली शिरते. नाशिकमध्ये कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला अशी बॉडी उघडून दाखवली होती. बाहेरून ती नवीकोरी दिसत होती, पण आत बॅटरीच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता आणि मुख्य सर्किटच्या कडेला पांढरे डाग पडले होते. पार्कमधले पाणी पुन्हापुन्हा वापरले जाते, त्यात क्लोरीन असते, त्यामुळे सुकल्यानंतरही त्याचे काम आत चालूच राहते. काठावरून छायाचित्र घेणाऱ्यांनीही आधी एक बोट उतरू द्यावी, जमीन कुठपर्यंत ओली होते ते पाहावे आणि त्या रेषेच्या चार पावले मागे उभे राहावे.

मग कॅमेरा ठेवायचा कुठे? पार्कमध्ये भाड्याचे लॉकर असतात, पण दर राईडला तिथपर्यंत जाणे-येणे करण्यात दुपार निघून जाते. जड लेन्स, लॅपटॉप आणि कपडे सकाळीच लॉकरमध्ये टाकून एक बॉडी आणि एकच झूम लेन्स जवळ ठेवावी. राईडच्या फलाटावरील उघड्या रॅकवर चपला आणि टोप्या ठेवणे ठीक, कॅमेरा नव्हे. पार्किंगमध्ये उन्हात तापलेल्या गाडीतही तो ठेवू नये. सर्वांत चांगली व्यवस्था म्हणजे घरातलेच कोणीतरी खाली थांबणे. आमच्याकडे आईला कोस्टरवर बसायचे नव्हतेच, तेव्हा बॅग तिच्याजवळ राहिली. आणि जिथे तीही आत येत होती तिथे दादा आणि मी पाळी लावली. पुतण्या प्रत्येक रांगेत विचारायचा, “काका, आता तू वर की बाबा वर?” आणि त्याप्रमाणे एक जण बॅग सांभाळत खाली राहायचा. दोघेच जात असाल तर रांगेत शिरण्याआधीच प्रवेशावरील कर्मचाऱ्यांशी बोलावे. “गळ्यात काही नको, खिशातलं पण काढून द्या,” असे ते सांगतात तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नये.

खाली थांबणाऱ्याचा वेळ वाया जात नाही, उलट खरी छायाचित्रे त्यालाच मिळतात. आसनावरून काढलेल्या चित्रात समोरच्याचे डोके आणि वाकडे आभाळ येते. जमिनीवरून मात्र वहिनींचे उडालेले केस, पुतण्याचे गच्च मिटलेले डोळे आणि दादाचा उघडा राहिलेला जबडा एका चौकटीत मिळाला. यासाठी पहिली गाडी नुसती पाहावी. चेहरे आपल्याकडे कुठे वळतात, ऊन कोणत्या बाजूने येते आणि मध्ये कोणता खांब आडवा येतो, हे त्यातून कळते. मग रुळावरच्या त्या ठरावीक जागेवर आधीच फोकस करून ठेवावा, कारण वर केलेले हात आणि जाड लॉक यांच्यामुळे चेहरा ओळखणारा ऑटोफोकस अनेकदा फसतो. हालचाल गोठवायची तर शटर (ते उघडे राहण्याचा वेळ) १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, २०० मिलिमीटरच्या लेन्सला १/१६०० चांगले, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) ५.६ च्या आसपास आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर. वेगाचा भास हवा असेल तर शटर १/६० ते १/१२५ ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवत न्यावा. नांदूर मध्यमेश्वरला ज्यांनी चक्रवाकांचा थवा टिपला आहे त्यांना हे अंगवळणी पडलेले असेल. इथे तर गाडी त्याच वाटेने ठरावीक वेळाने पुन्हा येते, पक्ष्यांसारखी दिशा बदलत नाही. संध्याकाळच्या परेडसाठी ३५ किंवा ५० मिलिमीटरची १.८ ची लेन्स, आयएसओ ३२०० आणि शटर १/२५० एवढे पुरते.

अंधाऱ्या आणि पडद्यावरच्या राईडमध्ये, उदाहरणार्थ मिस्टर इंडिया किंवा आय फॉर इंडिया, कॅमेरा आणि मोबाइल दोन्ही बंदच ठेवावेत. फ्लॅशने आणि उजळलेल्या पडद्याने शेजाऱ्यांचा रसभंग होतो. राईडवरून दिसणारे दृश्य हवेच असेल तर त्यासाठी छोटे अ‍ॅक्शन कॅमेरे आहेत. गोप्रो हिरो मालिकेतील ५ पासून पुढचे कॅमेरे वेगळ्या आवरणाविना १० मीटर खोल पाण्यात चालतात. पण छातीच्या पट्ट्यावर लावलेला असला तरी त्याला परवानगी आहे का, हे त्या-त्या राईडच्या चालकाला विचारावे, आणि नाही म्हटले तर तोही खालीच ठेवावा. सेल्फी स्टिक घरीच राहू द्यावी. डिस्नेने २०१५ मध्येच आपल्या पार्कमध्ये तिच्यावर बंदी घातली.

विम्याचे काम नाशिकमध्येच उरकून घ्यावे. कंपनीची वॉरंटी निर्मितीतील दोषांसाठी असते, पडझड आणि पाणी तिच्यात बसत नाही. वेगळी पॉलिसी घेतली असेल तर अपघाती नुकसान, घराबाहेरील वापर आणि चोरी या तिन्ही गोष्टी तिच्यात आहेत का, ते विमा कंपनीकडून लेखी घ्यावे. बिलाची प्रत आणि बॉडी व लेन्स यांच्या सीरियल नंबरांचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे.

पावसाळ्यात जाणार असाल तर बॅगेत दोन मोठी मायक्रोफायबरची कापडे, सिलिका जेलच्या पुड्या आणि तोंड गुंडाळून बंद करता येणारी जलरोधक पिशवी असू द्या. खोपोलीचा पाऊस आडवा येतो आणि बॅगेचे रेनकव्हर पाठीकडून भिजते. घरी परतल्यावर कितीही रात्र झाली असली तरी बॅग पूर्ण रिकामी करावी, बॅटरी आणि कार्ड काढून झाकणे उघडी ठेवावीत, आणि लेन्सची टोके कोरड्या कापडाने पुसून मगच त्या कपाटात ठेवाव्यात.