कमी पाण्याची बाग मरते ती पावसाळ्यात

नाशिकमध्ये कमी पाण्याची बाग करताना सगळ्यांना धास्ती असते मे महिन्याची. अशी झाडं जास्त मरतात ती मात्र जुलै-ऑगस्टात. आपली काळी माती संततधारेत चिबडते (पाणी धरून चिखल होते), आठवडाभर वाफसा येत नाही, म्हणजे माती हवा खेळण्याइतकी सुकत नाही, आणि मुळं गुदमरतात. कोरफड, देवचाफा, अडेनियम मग बुडातूनच सडतात.

म्हणून रोपं आणण्याआधी द्राक्षबागेत असतो तसा बोद, म्हणजे मातीचा उंच वाफा करा: 3 फूट रुंद, दीड फूट उंच. 2 घमेली काळी माती, 2 घमेली बारीक मुरूम आणि 1 घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिश्रण घ्या. कच्च्या शेणखतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. झुडपं पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर लावा, मांसल पानांची झाडं ऑक्टोबरात.

मागे बोगनवेल, मध्ये शंकासूर आणि धायटी, कडेला सदाफुली आणि चिनी गुलाब. एकेक सुटं रोप विखरू नका. एका जातीची तीन-पाच एकत्र लावली तरच रंग उठून दिसतो. धायटी नर्सरीत मागून घ्यावी लागते, पण घ्याच. सह्याद्रीच्या उतारांवरचं झुडूप आहे, लाल फुलांवर शिंजीर पक्षी येतात. कण्हेर काटक आहे, पण सगळं झाड विषारी. लहान मुलं किंवा शेळ्या असतील तिथे नको.

ठिबकला 16 मिमीची लॅटरल (झाडांच्या ओळीतून जाणारी नळी) आणि ताशी 4 लिटरचे ड्रीपर पुरतात. एका लॅटरलवर सारख्याच तहानेची झाडं ठेवा. झुडपाला दोन ड्रीपर, खोडापासून वीतभर लांब. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा दीड तास, म्हणजे दर वेळी 12 लिटर. दुसऱ्या वर्षी ड्रीपर दीड फुटावर सरकवा आणि 10 दिवसांनी एकदा 2 तास द्या. रोज थोडं थोडं पाणी दिलं की मुळं वरच राहतात आणि एक पाळी चुकली तरी झाड माना टाकतं. बोअरच्या क्षारांनी ड्रीपर बुजतात. पंधरवड्यातून एकदा टोकाचं झाकण (एंड कॅप) उघडून लॅटरल धुवा.

बोदावर 3 इंच पालापाचोळा घाला, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवून. कोरफडीजवळचा मात्र पावसाळ्यात काढून घ्या.

बोगनवेल नुसतीच पानं काढत असेल तर पाणी जास्त होतंय, किंवा युरिया पडतोय. ऑक्टोबरात हलकी छाटणी करा आणि पाणी तोडून ताण द्या. पानं किंचित मलूल झाली की एकदा भरपूर पाणी, मग पुन्हा ताण.