तीन आठवडे घासलं, तरी व्हॉल्व्ह गळतोच

२४ मिमी बोअरचं (म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास), पेट्रोलवर चालणारं चार-स्ट्रोक इंजिन घरच्या लेथवर केलं. क्रँक, कॅम, पिस्टन सगळं जमत गेलं, त्यावर लिहीत बसत नाही. पण फ्लायव्हील फिरवलं की हाताला काही लागेचना. कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, नावालाही नाही.

व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणारी झडप, गळतोय हे पहिल्याच दिवशी कळलं. हेड (सिलिंडरवरचं, व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण) उलटं ठेवून खोलगटात डिझेल ओतलं (रॉकेल आता आणायचं कुठून?), तर मिनिटभरात पोर्टातून (हवेच्या वाटेतून) ठिपकायला लागलं. मग ग्राइंडिंग पेस्ट आणली. रोज रात्री जेवण झालं की व्हॉल्व्हच्या दांडीला रबरी नळी लावून दोन बोटांत गरगर फिरवायचं. सीटवर (व्हॉल्व्हचं तोंड टेकतं त्या कडेवर) छान करडी गोल रेघ उमटायची, मी खूश, आणि डिझेल ठिपकतंच. असे तीन आठवडे. रेघ रुंदावत मिलिमीटरभर झाली, गळती उलट वाढली. बायको म्हणाली, "एवढे दात तरी घासता का?"

शेवटी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या ओळखीच्या वर्कशॉपवर हेड घेऊन गेलो. तिथल्या पोरानं व्हॉल्व्हच्या तोंडाला मार्करची शाई फासली, सीटवर टेकवून पाव फेरा फिरवला आणि माझ्यासमोर धरला. शाई एकाच बाजूची पुसली होती, चंद्रकोरीसारखी.

"काका, घासून काय हुतंय? भोक एकीकडं, सीट एकीकडं."

खरंच होतं. गाइडचं भोक (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते ते) मी ड्रिलिंग मशीनवर पाडलं होतं आणि सीट दुसऱ्या दिवशी लेथवर कापली. घासताना बोटांच्या दाबानं व्हॉल्व्ह बसतो, म्हणून रेघ दिसते. स्प्रिंगनं ओढला की तो आपल्या वाकड्या जागी जातो. वर पेस्ट गाइडमध्ये उतरून तेही ढिलं झालेलं. राग काढायचा तर कुणावर?

मग गनमेटलच्या दोन बुश केल्या, गाइड आणि सीट एकाच तुकड्यात. ३ मिमीचं भोक, ते नेमक्या मापाचं करणारा रीमर आणि ४५ अंशांची सीट, सगळं एकाच पकडीत. चकमधून काढायचं नाही म्हणजे नाही! सीट पाव मिमीच रुंद ठेवली. बुश हेडमध्ये लॉकटाइटनं बसवल्या. व्हॉल्व्ह स्टेनलेसचे नवे केले. दांडी बारीक असल्यानं टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाचा) आधार दिला, नाहीतर ती टूलपासून लांब पळते आणि मोकळ्या टोकाला जाड राहते. घासणं? बारीक पेस्टनं दहा सेकंद. त्याआधी दांडीला ग्रीस लावा, म्हणजे पेस्ट गाइडमध्ये जात नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

पोर्टाला नळी लावून सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून सोडला, तर तो परत आत खेचला गेला. मी तो उगाच पाच-सहा वेळा ओढला. त्याच संध्याकाळी फ्लायव्हील मागे उसळलं आणि इंजिन फडफडलं.

पाच मिनिटांत बंदही पडलं. टॅपेटला (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाला) गॅपच ठेवला नव्हता; दांडी तापून लांबली आणि व्हॉल्व्ह उघडाच राहिला. गार असताना ०.१ मिमी ठेवला, मग टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत चाललं.