रोलर कोस्टरखालची जमीन

क्लीव्हलँडहून पश्चिमेला गाडीने तासाभरावर, एरी सरोवरात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर सीडर पॉइंट हे करमणुकीचं पार्क आहे. १८७० सालापासून लोक तिथं सुट्टी काढायला येतात, म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचा जन्म व्हायच्याही आधीपासून. तेव्हा लोक पोहायला यायचे, आता रोलर कोस्टरसाठी येतात. ओहायोत राहायला गेल्यापासून आमचा एकही उन्हाळा या पार्काशिवाय गेलेला नाही. पाण्यातून जाणाऱ्या रस्त्यावरून त्या कोस्टरांच्या कमानी दिसायला लागल्या की गाडीतली पोरं ओरडायला लागतात, आणि मीही.

सध्या मी माहेरी, कोल्हापुरात आहे. धाकटा भाऊ मे महिन्यात सगळ्यांना घेऊन आमच्याकडे यायचं म्हणतोय, त्यामुळे रात्री जेवणं उरकली की भाचरं यादी करायला बसतात. यादीत नायगारा शेवटून दुसरा. वरच्या सगळ्या ओळी पार्कांच्या. कुठल्या कोस्टरची उंची किती, वेग किती, सगळं तोंडपाठ. थोरल्याने पहिलं नाव लिहिलं होतं 'किंगडा का', ४५६ फूट उंच, एके काळी जगातला सर्वात उंच कोस्टर. तो न्यू जर्सीत होता आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला सुरुंग लावून पाडला, हे मला त्याला सांगावं लागलं. वीस वर्षंसुद्धा पुरती चालला नाही. त्याचा चेहरा उतरला. मग भावाने विचारलं, "ताई, एवढी चालणारी पार्कं, त्यांना काय झालंय?"

त्याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

१ जुलै २०२४ ला अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्या एक झाल्या. सीडर पॉइंट चालवणारी सीडर फेअर आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी सिक्स फ्लॅग्ज. नाव राहिलं सिक्स फ्लॅग्ज, मुख्यालय गेलं नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला, आणि शेअर बाजारातली ओळख राहिली सीडर फेअरची, 'एफयूएन', म्हणजे फन. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून ४२ पार्कं आणि वॉटर पार्कं एका छताखाली आली. दोन्ही कंपन्या एकत्र आल्यामुळे वर्षाला २० कोटी डॉलरचा फायदा होईल असं भागधारकांना सांगितलं होतं. त्यातले १२ कोटी खर्च कमी करून यायचे होते. डोक्यावर कर्ज सुमारे ५ अब्ज डॉलरचं.

हा १२ कोटींचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. पार्कात खर्च कशावर होतो? पगार, वीज, विमा, रंगरंगोटी, सुटे भाग, कार्यक्रम करणारे कलाकार. लोखंडाचा कोस्टर एकदा उभा केला की त्याचं कर्ज फेडावंच लागतं, तिथं हात आखडता येत नाही. मग हात आखडतो तो माणसांवर. २०२५ मध्ये कंपनीने कायम नोकरीतली दहा टक्क्यांहून जास्त माणसं कमी करायचं ठरवलं. प्रत्येक पार्काला स्वतःचा एक अध्यक्ष असायचा, ते पदच काढून टाकलं. हा माणूस कित्येकदा त्याच पार्कात विद्यार्थी असताना उन्हाळी नोकरीला लागलेला असतो. कुठल्या कोपऱ्यात पावसाचं पाणी साचतं, गावातल्या शाळांना सुट्ट्या कधी लागतात, कुठला जुना कोस्टर लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे, हे त्याला माहीत असतं. शार्लटच्या ऑफिसातल्या कागदावर यातलं काही दिसत नाही.

पाहुण्याला ही कपात लगेच कळत नाही. आधी जाणवते ती रांग. एका कोस्टरवर दोन किंवा तीन गाड्या असतात. एक गाडी रुळावर फिरत असताना दुसरीत लोक बसवायचे, पट्टे तपासायचे, आणि पहिली परत येताच दुसरी सोडायची. त्यासाठी फलाटावर पुरेशी माणसं लागतात. माणसं कमी पडली की एकच गाडी चालवतात. लोक तेवढेच, तिकीट तेवढंच, पण तासाला वर जाणारी माणसं जवळपास निम्म्यावर येतात. दोन वर्षांमागे एका पार्कात आम्ही भर उन्हात दीड तास उभे होतो. दुसरी गाडी बाजूच्या रुळावर रिकामी उभी होती, आणि फलाटावर तीन पोरं घामाघूम होऊन सगळं सांभाळत होती. त्या पोरांचा राग येणं शक्यच नव्हतं. खायच्या दुकानांची निम्मी शटरं खाली होती. माझी लेक म्हणाली, "पुढच्या वर्षी इथं नको." एवढंच पुरे असतं. हे पार्क दरवर्षी परत येणाऱ्या कुटुंबांवर जगतं, आणि त्यातलं एक कुटुंब त्या दुपारी कमी झालं.

उत्तरेकडच्या पार्कांचा हंगाम तसाही तोकडा. साधारण मे ते ऑक्टोबर. बाकीचे महिने बर्फ. त्या बर्फात गाड्या पूर्ण सुट्या करतात, चाकं, धुरे, पट्टे काढून बघतात, डोळ्यांना न दिसणारी चीर ध्वनिलहरींनी शोधतात. म्हणजे वर्षभराचा खर्च पाच-सहा महिन्यांत, त्यातही शनिवार-रविवारी आणि कोरड्या हवेत, मिळवायचा. दोन रविवार पावसाने गेले तरी हिशेब हलतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने तिमाहीचे आकडे जाहीर केले तेव्हा 'गुडविल'ची, म्हणजे हिशेबात धरलेल्या नावलौकिकाची, किंमतच १.५ अब्ज डॉलरने कमी धरली होती. त्याआधी ऑक्टोबरात 'जाना पार्टनर्स' नावाच्या गुंतवणूकदारांनी सुमारे ९ टक्के हिस्सा घेतल्याचं सांगितलं. त्यांच्या सोबत अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू ट्रॅव्हिस केल्सी. तो आमच्या क्लीव्हलँडकडचाच, त्यामुळे आमच्याकडे लोकांना उगाच धीर आला. मला नाही आला. अशा गुंतवणूकदारांना शेअरचा भाव वर न्यायचा असतो. पार्क सुधारूनही तो वर जातो आणि पार्क विकूनही.

विकण्याचं काय होतं, ते आम्ही राहतो तिथून जवळच दिसतं. ऑरोरा गावाजवळ जिओगा लेक नावाचं पार्क होतं. तळ्याकाठचं, एकोणिसाव्या शतकापासूनचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे त्याच्या गोष्टी अजून निघतात: कुणाची पहिली नोकरी तिथं, कुणाचं लग्न तिथं जमलेलं. सिक्स फ्लॅग्जने ते घेतलं, २००१ मध्ये तळ्यापलीकडचं सीवर्ल्डही त्याला जोडून प्रचंड मोठं केलं, आणि २००४ मध्ये १४.५ कोटी डॉलरला सीडर फेअरला विकून टाकलं. दोन वर्षांनी सीडर फेअरने पॅरामाउंटची पार्कं १.२४ अब्ज डॉलरला घेतली आणि कर्जाचा डोंगर झाला. जिओगा लेकमधले कोस्टर एकेक करून दुसऱ्या पार्कांत हलवायला लागले. १६ सप्टेंबर २००७ ला तिथला हंगाम संपला. २१ तारखेला कंपनीने जाहीर केलं की पाळणे कायमचे बंद. म्हणजे शेवटच्या दिवशी आलेल्या लोकांना तो शेवटचा दिवस आहे हे माहीतच नव्हतं. १९२५ चा लाकडी कोस्टर, बिग डिपर, लिलावात ५,००० डॉलरला गेला, तरी तो कुणी हलवला नाही. झाडं वाढत गेली आणि २०१६ मध्ये तो पाडला. आता तिथल्या काही भागात नवी घरं आहेत. दोन कंपन्यांच्या हातांत मिळून हे पार्क फार वर्षं टिकलं नाही, आणि त्याच दोन कंपन्या आता एक आहेत. म्हणून मला काळजी वाटते.

मेरीलँडमधलं सिक्स फ्लॅग्ज अमेरिका २ नोव्हेंबर २०२५ ला बंद झालं. वॉशिंग्टनपासून जवळ, सुमारे ५०० एकर जागा. बंद करायचं कारण सांगताना कंपनीने जागा विकासाला देणं हाच सर्वात चांगला उपयोग ठरतो असं सांगितलं. कॅलिफोर्नियात सांता क्लाराला 'ग्रेट अमेरिका' आहे, १९७६ चं. आजूबाजूला सिलिकॉन व्हॅलीची ऑफिसं. त्याखालची ११२ एकर जमीन २०२२ मध्येच ३१ कोटी डॉलरला गोदामं बांधणाऱ्या प्रोलॉजिस कंपनीला विकली गेली, आणि तेव्हापासून पार्क स्वतःच्याच जागेत भाडेकरू आहे.

हे सांगत होते तेव्हा काका तिथं बसले होते. ते म्हणाले, "जयप्रभासारखंच की." कोल्हापूरच्या माणसाला यापलीकडे समजावून सांगायची गरज नाही. भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ, नंतर लता मंगेशकरांच्या मालकीचा, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये जागा विकली गेल्याची बातमी आली तेव्हा शहर उपोषणाला बसलं. शहर वाढतं, कधीकाळी वेशीबाहेर असलेली जागा मध्यात येते, आणि एक दिवस जमिनीचा भाव तिच्यावर चाललेल्या कामाच्या कमाईपेक्षा मोठा होतो. पार्कांचं अगदी तेच आहे. फरक इतकाच की मेरीलँडमध्ये कुणी उपोषणाला बसलं नाही. लोक शेवटच्या दिवशी रांगा लावून आले, फोटो काढले आणि घरी गेले. मला वाटतं तिथं गावाचा पार्कावर हक्क आहे असं कुणाला वाटतच नाही, कारण तो तिकीट काढून मिळालेला असतो. मी हे मान्य करत नाही. पन्नास वर्षं ज्या गावाने पोरं कामाला पाठवली, रस्ते दिले, कर सोडले, त्या गावाला विचारलं जायला हवं.

आणि जमीन विकून फायदा होतोच असंही नाही. ह्यूस्टनचं ॲस्ट्रोवर्ल्ड २००५ मध्ये सिक्स फ्लॅग्जने असंच बंद केलं. १५ कोटी डॉलर येतील अशी अपेक्षा होती, आले ७.७ कोटी. ती जागा पुढे कित्येक वर्षं मोकळीच पडून राहिली.

डिस्नेचं काय, असं भावजयीने विचारलं. डिस्ने बुडणार नाही. २०२३ मध्ये त्यांनी पार्कं आणि जहाजांवर दहा वर्षांत ६० अब्ज डॉलर घालायचं जाहीर केलंय. युनिव्हर्सलने मे २०२५ मध्ये ऑर्लंडोत 'एपिक युनिव्हर्स' हे अख्खं नवं पार्क उघडलं. डिस्नेकडे कपात वेगळ्या वाटेने येते: पूर्वी फुकट असलेल्या गोष्टी एकेक करून विकत घ्याव्या लागतात. रांग टाळायची सोय फुकट होती, २०२१ पासून तिला पैसे. विमानतळावरून हॉटेलपर्यंत फुकट बस होती, ती २०२२ च्या सुरुवातीला गेली. गर्दीच्या दिवशी एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट २०० डॉलरच्या वर. चौघांच्या कुटुंबाचा एक दिवस म्हणजे इथं कुणाकुणाचा दोन महिन्यांचा पगार. मधल्या उत्पन्नाच्या अमेरिकन कुटुंबांसाठी सिक्स फ्लॅग्ज-सीडर फेअरची पार्कंच होती, गाडीने जाऊन रात्री घरी येता येईल अशी. ती गेली तर त्यांच्या पोरांसाठी उरतात ते मोबाइलवरचे व्हिडिओ.

आपल्याकडेही हे घडून गेलंय. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये उघडलं तेव्हा कोल्हापुरातून शाळांच्या सहली सुटायच्या. कर्ज इतकं झालं की २०२२ मध्ये ते मालपाणी समूहाच्या हाती गेलं. पार्क मात्र वाचलं.

वाचलेल्यांतलं माझं सगळ्यात आवडतं पेनसिल्व्हेनियात आहे, कनोबेल्स. १९२६ पासून एकाच कुटुंबाकडे. आत जायला पैसे नाहीत, गाडी लावायला पैसे नाहीत, ज्या पाळण्यात बसाल त्याचं तिकीट फाडायचं, आपल्या त्र्यंबोलीच्या यात्रेत पाळण्याजवळ उभं राहून घेतो तसं. तिथला 'फिनिक्स' हा लाकडी कोस्टर मुळात १९४८ मध्ये टेक्सासात उभा राहिलेला. तिथलं पार्क बंद पडल्यावर कनोबेल्सवाल्यांनी तो फळीफळी मोजून, क्रमांक टाकून उतरवला आणि १९८५ मध्ये आपल्याकडे पुन्हा उभा केला. बिग डिपर कुजत असताना ते लोक हे करून बसले होते. इंडियानात हॉलिडे वर्ल्ड आहे, तेही कुटुंबाचं. तिथं २००० सालापासून थंड पेयं दिवसभर फुकट. कुटुंबाचं आहे म्हणून कायम राहीलच असं नाही. पिट्सबर्गजवळचं केनीवुड १८९८ चं, २००७ मध्ये मालकांनी ते स्पॅनिश कंपनीला विकलंच. २०२५ मध्ये ते हर्शेंड या अमेरिकन कुटुंबाच्या कंपनीकडे आलं, आणि त्या भागातले आमचे मित्र आता थोडे निवांत झालेत.

मालक जवळ असला तर पैसे कमी लागतात असं मी म्हणत नाही. पण रुळाखालची फळी सडली की तिच्याकडे जाऊन बघणारा आणि त्याच दिवशी पैसे सोडू शकणारा माणूस एकच असतो. अध्यक्षाचं पद काढलं तेव्हा नेमकं हेच काढून टाकलं.

तर जे या उन्हाळ्यात येणार आहेत त्यांच्यासाठी: सीडर पॉइंटला मे अखेरीनंतर, मंगळवार किंवा बुधवारी जा. शाळा सुटायच्या आधीचा आठवडा मिळाला तर उत्तम. निघण्याच्या आदल्या दिवशी पार्काच्या ॲपवर कुठले कोस्टर बंद आहेत ते बघून घ्या. पूर्वेकडे नातेवाईक असतील तर कनोबेल्स चुकवू नका, सोबत सुट्टे पैसे ठेवा. आणि ज्यांचं कुणी सॅन फ्रान्सिस्कोकडे आहे त्यांनी ग्रेट अमेरिका पुढे ढकलू नये. भाडेकरार वाढवला नाही तर २०२७ चा हंगाम तिथला शेवटचा आहे.