पाच हजार बेअरिंग आणि एक ऑनलाइन पदवी

चाकणच्या एका कारखान्यात मी गेली अकरा वर्षे मटेरियल प्लॅनिंग पाहते. कोणता माल केव्हा आणि किती मागवायचा हे मी ठरवते, आणि लाइन थांबली की सर्वांत आधी माझाच फोन वाजतो. बी.कॉम.च्या पदवीवर इथवर येता आले. पुढच्या पदासाठी मात्र पदव्युत्तर पदवी हवी, अशी कंपनीची अट होती. नोकरी सोडून दोन वर्षे वर्गात बसणे परवडणारे नव्हते, म्हणून सप्लाय चेन मॅनेजमेंट हा विशेष विषय घेऊन ऑनलाइन एमबीए करायचे ठरवले आणि चार सत्रांचा तो अभ्यासक्रम गेल्या उन्हाळ्यात पूर्ण केला.

आधी मनात अमेरिकेतल्या एमआयटीचा ‘मायक्रोमास्टर्स’ हा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम होता. पाच विषय आणि शेवटी एक एकत्रित परीक्षा असा त्याचा आराखडा आहे आणि तो शिकवतातही उत्तम, पण ती स्वतंत्र पदवी नव्हे, आणि आमच्या एचआरला पदवीच हवी होती. मान्यताप्राप्त संस्थांच्या ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांच्या समकक्ष आहेत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलेले आहे. त्यामुळे यूजीसीच्या यादीत विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्ही आहेत की नाहीत, एवढे पाहून घेतले. प्रवेशासाठी फोन करणाऱ्या बाई शुल्कातली सवलत ‘आज संध्याकाळपर्यंतच’ असल्याचे मला सलग तीन आठवडे सांगत होत्या, त्याकडे दुर्लक्ष केले ते बरेच झाले.

अभ्यासापेक्षा वेळापत्रकानेच अधिक छळले. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि थेट तासिका रविवारी असत, म्हणजे सगळे विद्यार्थी घरी बसून प्रश्न विचारत त्या वेळी मी गोदामात ट्रक उतरवून घेत असे. रेकॉर्ड केलेल्या तासिका रात्री साडेनऊनंतर, भांडी आवरून झाल्यावर, दीडपट वेगाने ऐकायच्या. चार सत्रे हाच क्रम चालला.

पहिल्या सत्रात ‘बिअर गेम’ हा पुरवठ्याची साखळी समजावणारा खेळ खेळायला लावला. किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका असतात, प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्याची ऑर्डर दिसते, आणि माल पोहोचायला काही आठवडे लागतात. ग्राहकाची मागणी एकदाच चारवरून आठ पेट्यांवर जाते आणि तिथेच राहते, तरी कारखान्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याच मागणीच्या प्रचंड लाटा झालेल्या असतात. वाहन कंपन्यांची शेड्यूले महिन्यातून तीनदा बदलताना पाहिलेल्या मला त्यात नवल वाटले नाही. माझ्या गटातले, औषध कंपनीत काम करणारे एक गृहस्थ मात्र खेळ संपल्यावरही आपल्या पुढच्या माणसालाच दोष देत राहिले.

खरा धक्का दुसऱ्या सत्रात बसला, आणि तो आमच्या स्टोअर्समधल्या काकांमुळे. तैवानहून येणाऱ्या एका बेअरिंगचा पाच हजार नगांचा राखीव साठा असलाच पाहिजे, असा काकांचा पहिल्यापासून आग्रह होता. रोजचा खप सरासरी चारशेचा, त्यामुळे जवळजवळ तेरा दिवसांचा माल नुसता पडून आहे अशी टीका प्रत्येक बैठकीत होई, आणि खरे सांगायचे तर ती करणाऱ्यांत मीही होते. सेफ्टी स्टॉकचा, म्हणजे राखीव साठ्याचा, धडा आला तेव्हा काकांना आकड्यांनीच उत्तर द्यावे म्हणून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक्सेल उघडून चौदा महिन्यांच्या नोंदी भरल्या. रोजच्या खपाचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती मागेपुढे होतात याचे माप) साठ नग निघाले, लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा काळ, सरासरी तीस दिवस, आणि लीड टाइमचे विचलन आठ दिवस. शंभरपैकी पंच्याण्णव वेळा माल हाताशी असावा असे धरून गणित केले, तर उत्तर आले ५,३०८.

मी सूत्र दोनदा तपासले. मग लीड टाइमचे विचलन शून्य धरून पाहिले, म्हणजे माल दर वेळी बरोबर तिसाव्या दिवशीच दारात येतो असे समजून, तेव्हा साठा ५४२ वर आला. म्हणजे एवढा माल आम्ही ग्राहकाच्या लहरीसाठी ठेवत नव्हतो; त्यातला बहुतेक सगळा तारीख नक्की नसल्याची किंमत होती. काकांना प्रमाण विचलन ठाऊक नव्हते, पण माल केव्हा येईल याचा भरवसा नाही हे ठाऊक होते, आणि अंदाजाने त्यांनी धरलेला आकडा सूत्राच्या इतका जवळ होता की मला त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही. (उशीर आणि लवकर येणे या दोन गोष्टी सूत्र सारख्याच धरते. माल उशिरा येतो, लवकर फारसा येत नाही, हे सांगणारी ओळ पाठ्यपुस्तकात तळटीपेत होती. ती पहिल्या पानावर हवी होती.)

प्रकल्पासाठी मग हाच विषय घेतला आणि ते आठ दिवस येतात कुठून हे शोधले. समुद्रावर, असे सगळे गृहीत धरून होते, आणि २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रातली वाहतूक विस्कळीत झाल्यापासून तर ते बोलायला सोपेच झाले होते, जरी आमचा माल त्या वाटेने येतच नाही. तारखा लावून पाहिल्या तेव्हा जहाज न्हावा शेवा बंदराला बहुधा दोन-तीन दिवसांच्या फरकानेच लागत असल्याचे दिसले. कंटेनर मात्र बंदरातून कधी दुसऱ्या दिवशी सुटे, तर कधी तेराव्या. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा सीमाशुल्क खात्याकडे द्यायचा अर्ज, जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरावे असा नियम २०२१ पासून आहे, पण पुरवठादाराची कागदपत्रे आमच्याकडे उशिरा येत, आणि सीमाशुल्काच्या रकमेला मंजुरी आमच्याच कार्यालयात आठवड्यातून एकदा, मंगळवारी मिळे. बुधवारी आलेला कागद पुढच्या मंगळवारपर्यंत ट्रेमध्ये पडून राही.

मंजुरी रोज मिळावी, यासाठी मला तीन बैठका घ्याव्या लागल्या. पदवीच्या दोन वर्षांत असा एकही विषय नव्हता ज्यात वित्त विभागाशी कसे बोलावे हे शिकवतात. कागदपत्रे जहाज सुटताच ईमेलने मागवू लागलो. सहा महिन्यांत लीड टाइमचे विचलन पाचवर आले, आणि त्याच सूत्राने साठा ३,३५०च्या आसपास.

पदोन्नतीची फाइल अजून वरच्या कार्यालयातच आहे. काकांना मी हे सगळे कागदावर मांडून दाखवले, तेव्हा त्यांनी ५,३०८ हा आकडा बोटाने दाबून धरला, वरच्या तीनशे आठचे काय म्हणून विचारले, आणि साठा कमी करायला तयार झाले. मात्र चार हजारांवर, साडेतीन हजारांवर नाही. पावसाळा जाऊ द्या, मग बघू, म्हणाले.