आलंच की!

रविवारी दुपारी दोनच्या सुमारास मी हॉलमध्ये फरशीवर उताणा पडलो होतो आणि पाय भिंतीला टेकवून वर केले होते. लाँग रन केलेल्या माणसाला ही अवस्था नवी नाही. घरातलेही आता सरावलेत, ओलांडून जातात. घरची पोळी-भाजी, भात, सकाळचे उरलेले पोहे असं सगळं पोटात गेलं होतं, तरी भूक होतीच, म्हणून बायकोने बाहेरून काहीतरी मागवलं होतं. ते येईना. तिने फोन लावला.

"कुठपर्यंत आलात?"

पलीकडचा आवाज फरशीवरही ऐकू आला. "आलोच मॅडम, दोन मिनिटं."

"अजून हॉटेलातच आहे," बायको मोबाइलच्या नकाशातला न हलणारा ठिपका मला दाखवत म्हणाली.

मला मात्र त्या मुलाचा राग आला नाही, कारण सकाळीच एका 'आलंच'ने माझी लाज राखली होती.

झालं होतं असं. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईची मॅरेथॉन. तिच्या तीन आठवडे आधी शेवटची लांब धाव पळायची आणि मग शहाण्यासारखं पळणं कमी करत आणायचं, असा शिरस्ता आहे. ही शेवटची धाव ३२ किलोमीटरची. आता ३२च का, हे मी अनेकांना विचारलं. कुणी कोचचं नाव सांगतं, कुणी शास्त्राचं. खरं म्हणजे ते वीस मैल आहेत. ज्यांनी हे वेळापत्रक पहिल्यांदा मांडलं ते मैलात मोजणारे, त्यांना वीस हा गोल आकडा वाटला. आपल्याकडे मैल जाऊन साठेक वर्षं झाली, रस्त्यावरचे दगड किलोमीटरचे झाले (त्यांना आपण अजून मैलाचे दगडच म्हणतो ते सोडा), पण डिसेंबरच्या थंडीत साडेचारला अंथरुणातून उठवायला ते वीस मैल अजून येतात.

तर पुण्यातल्या आनंदनगरहून निघालो. खडकवासल्याच्या चौपाटीपर्यंत काळोखच होता. धरणावरून येणारं वारं कानात शिरत होतं. एरवी ज्या रस्त्यावर रविवारी कणसं, भजी आणि गाड्यांची रांग यांतून वाट काढावी लागते, तिथे त्या वेळी फक्त कुत्री होती आणि मी. गोऱ्ह्याच्या पुढे, डोणज्याच्या अलीकडे सोळा झाले आणि वळलो. तेव्हा कुठे उजाडू लागलं होतं. इथवर सगळं छान होतं. इतकं छान, की मनातल्या मनात मी संध्याकाळी ग्रुपवर टाकायचा मजकूरसुद्धा जुळवून ठेवला.

किरकटवाडी फाट्याला सव्वीस झाले, आणि तिथे गाडी बसली.

पळणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर साधारण तीसेक किलोमीटरच्या आसपास संपते. काहींची पुढे संपते, काहींची अलीकडे. माझी अलीकडे. पाय दुखतात हे ठीक आहे, पण आधी गणित जातं. बत्तीसातून सत्तावीस गेले किती, हे मला येईना. मी इंजिनिअर आहे. बोटं मोजली. मग वाटलं, सहा असतील. मग ते सहा म्हणजे फार आहेत असं वाटून चालायला लागलो. सिंहगडावरून उतरलेली पोरं बाइकवरून जाताना ओरडली, "काका, लिफ्ट पाहिजे का?" काका हा शब्द त्या घडीला मांडीपेक्षा जास्त लागला.

नांदेड फाट्याच्या अलीकडे एक म्हातारबाबा दुधाचे कॅन लावलेली सायकल हाताने ढकलत चालले होते. पंक्चर असावी. मी चालत होतो, तेही चालत होते, त्यामुळे आपोआप सोबत झाली. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. टोपीच्या कडेला मिठाचा पांढरा नकाशा, शर्टाला सेफ्टी पिनेने लावलेली, पळताना खायच्या गोड जेलची पाकिटं.

"किती राहिलं?"

"पाच." (उत्तर सापडलं एकदाचं.)

"मग आलंच की!" ते म्हणाले आणि सायकल ढकलत राहिले.

पाच किलोमीटर म्हणजे माझ्या त्या वेळच्या गतीने चाळीस मिनिटं. त्याला 'आलंच' कसं म्हणायचं? पण कानाला तो शब्द इतका ओळखीचा लागला, की पाय आपोआप पळायला लागले. तो आवाज मामाचा होता.

माझं आजोळ माण तालुक्यात. मे महिन्यात स्वारगेटहून एसटीने निघायचं आणि दुपारच्या टळटळीत उन्हात फाट्यावर उतरायचं. तिथून गावापर्यंत कच्चा रस्ता. मामा न्यायला यायचा. बैलगाडी घेऊन येतो म्हणायचा आणि चालतच यायचा, कारण बैल नेहमी दुसऱ्या कशात तरी गुंतलेले. रेक्झिनची मोठी पिशवी तो डोक्यावर घ्यायचा, आई धाकटीला कडेवर घ्यायची, आणि मला स्वतःला स्वतः न्यायचं असायचं.

"मामा, किती राहिलं?"

"हे काय, आलंच. त्या बाभळीपल्याड."

बाभळ यायची. बाभळीपल्याड दुसरी बाभळ असायची.

"मामा..."

"आता तो वगळ वलांडला की आलंच."

वगळ म्हणजे ओढा, तोही कोरडा ठणठणीत. ओलांडला की समोर माळ, माळाच्या टोकाला एक देवळी, देवळीनंतर कुणाची तरी विहीर. मामा प्रत्येक खुणेला 'आलंच' म्हणायचा, आणि मी प्रत्येक खुणेला विश्वास ठेवायचो. आठ वर्षांचा होतो, पण एवढाही बावळट नव्हतो. मला कळत होतं की हा खोटं बोलतोय. तरी बाभळीपर्यंत चालणं हे गावापर्यंत चालण्यापेक्षा सोपं असतं, हेही कळत होतं. मधेच तो कोपरीच्या खिशात हात घालून गूळ-शेंगदाणे काढायचा. गुळाला खिशातले धागे, तंबाखूचा वास आणि एखादी मुंगी चिकटलेली. फुंकर मारायची आणि खायचं. मी आता जे पाकीट शंभराच्या वर रुपये देऊन घेतो, त्यावर 'सॉल्टेड कॅरॅमल' लिहिलेलं असतं आणि आत काय असतं ते गिळल्यावरही कळत नाही. म्हणून हल्ली एक चिक्की बरोबर ठेवतो. कोचला सांगितलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी गुगलच्या नकाशावर तो रस्ता मोजला. फाटा ते मामाचं घर, ३.४ किलोमीटर! मी बायकोला इतकी वर्षं 'आम्ही दहा-बारा किलोमीटर चालत जायचो' असं सांगत आलो होतो. तिला हे अजून सांगितलेलं नाही. इथे वाचेल तेव्हा वाचेल.

वडगावच्या पुलाच्या आसपास, म्हणजे तीस-एक झाले असतील तेव्हा, मला फडेप्पा चौगुले आठवले. ते मला अशा वेळी नेहमी आठवतात. बेळगावकडचे पहिलवान गडी. इथेच, डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिली, त्यांच्या वेळा युरोपातल्यांच्या जवळ जातात हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि १९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला आपली माणसं गेली. चौगुले मॅरेथॉन पळाले आणि एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटांत. आज आपण ज्याला मॅरेथॉन म्हणतो ते ४२ किलोमीटर १९५ मीटर. ते अंतर ठरलं १९२१ मध्ये, लंडनच्या १९०८च्या शर्यतीवरून, आणि त्या शर्यतीचा शेवट राजघराण्याच्या सज्जासमोर व्हायचा होता म्हणून ते तेवढं. अँटवर्पला मात्र रस्ता ४२ किलोमीटर ७५० मीटरचा होता. म्हणजे चौगुल्यांना जगातल्या आजच्या सगळ्या मॅरेथॉनवाल्यांपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त पळावं लागलं. मला त्यांची जागा, वेळ या गोष्टींपेक्षा एकच कुतूहल आहे. त्या परक्या, थंड गावात चाळीस किलोमीटर झाल्यावर रस्त्याकडेच्या माणसांनी त्यांना ओरडून काय सांगितलं असेल? फ्लेमिश भाषेत 'आलंच की'ला काय म्हणतात? आणि त्यांना ते कळलं असेल का? बहुतेक कळलं असेल. ते एक असं वाक्य आहे जे सुरावरून कळतं.

सोसायटीच्या फाटकाशी आलो तेव्हा घड्याळात ३१.७६.

इथे शहाणा माणूस घरी जातो. मी पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या. दुचाक्यांच्या रांगेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. वॉचमनने पहिल्या फेरीला सलाम ठोकला, दुसऱ्या फेरीला नुसतंच बघितलं, आणि तिसऱ्या फेरीला काळजीच्या सुरात विचारलं, "सर, किल्ली हरवली का?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तुळशीला पाणी घालता घालता थांबल्या. ३१.९४. ३१.९७. बेसमेंटच्या उतारावर घड्याळाला उपग्रह सापडेना आणि आकडा तिथेच अडकला, तेव्हा मी त्या घड्याळाला जे बोललो ते तुळशीसमोर बोलण्यासारखं नव्हतं. ३२.००. बंद केलं आणि तिथेच कुणाच्या तरी स्कूटरवर बसलो. तीन तास बावन्न मिनिटं.

वर आल्यावर आईने दार उघडलं.

"पळून आलास?"

"हो. बत्तीस किलोमीटर."

"कितवा आलास?"

"आई, आज शर्यत नव्हती. आज सराव होता. शर्यत जानेवारीत."

"मग तेव्हा येणार का पहिला?"

"नाही गं."

तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. "मामाच्या घरी जायला रडायचास रे तू," एवढंच म्हणाली आणि पोहे परतायला आत गेली. तिने मामाचं नाव घेतलं तेही आपसूकच. वाटेत भेटलेल्या दूधवाल्या म्हातारबाबांचं मी तिला अजून सांगितलंच नव्हतं.

गेल्या वर्षी श्रावणात साताऱ्याच्या दवाखान्यात मामा होता. मी गाडी काढली तेव्हा पाऊस लागलेला. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर अर्धा तास गेला. मामेभावाने फोन लावून मामाच्या कानाशी धरला.

"कुठवर आलास रं?"

"आलोच मामा. हे काय, साताऱ्यात शिरतोय."

मी तेव्हा खंबाटकीच्या घाटाच्या अलीकडे होतो. पलीकडे तो हसल्यासारखं वाटलं. खोकलाही असेल. हा खोटं बोलतोय हे त्याला नक्की कळलं असणार. ते आमचं दोघांचंच होतं.

मी पोचेपर्यंत तो थांबला नाही.

दारावरची बेल वाजली. बायको आंघोळीला गेलेली, आई झोपलेली. पुन्हा वाजली. मी भिंतीवरचे पाय खाली घ्यायचा प्रयत्न केला, डावा आला, उजव्याच्या पोटरीत गोळा आला.

"आलो, आलो!" मी पडल्या पडल्या ओरडलो. "आलोच!"