मात्रा हलली

शनिवार. दिवाळीच्या सुट्टीला उरलेत चार दिवस.

शाळा सुटताना गणूची आई फाटकापाशी उभी होती. (गणू हे त्याचं खरं नाव नाही, इथे तेवढ्यापुरतं.) एरवी ती दिसत नाही. घाटकोपरला तीन घरची कामं आटपून यायला तिला दुपार होते. आज मुद्दाम थांबली होती.

"बाई, ह्याचं कायतरी बिघडलंय. आधी कसा धाडधाड वाचायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, पोरगं हुशार हाय. आता दाताखाली खडा आल्यावानी करतंय. एक शब्द वाचला की थांबलं, दुसरा वाचला की थांबलं."

मला हसू आलं आणि ते तिला आवडलं नाही, हे चेहऱ्यावर दिसलं. पण ऑगस्टपासून मी ज्याची वाट बघत होते, तेच नेमकं ती तक्रार म्हणून घेऊन आली होती. "ताई, काळजी करू नका, तो बरोबर चाललाय," एवढंच म्हणाले. मागे रिक्षा वाजत होत्या, अख्ख्या तिसरीची पोरं दप्तरं आपटत उतरत होती, तिथे काय समजावणार!

जूनमध्ये गणू माझ्या वर्गात आला, तेव्हा कविता उघडून दिली की सूर लावून म्हणायचा. बोट दुसऱ्या शब्दावर, तोंड ओळीच्या शेवटाला. सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, त्यात असं पोर बेमालूम मिसळून जातं. त्याचं पाठांतर खरोखर जबरदस्त आहे, माझ्यापेक्षा चांगलं. मी त्याच कवितेतले शब्द पट्ट्यांवर लिहिले, फरशीवर उलटसुलट मांडले आणि म्हटलं, यातला एक वाच. तो पंख्याकडे बघायला लागला.

चित्र असलं की अंदाज तयार. वासराच्या चित्राखाली 'वासरू' लिहिलेलं असायचं, हा ठणकावून 'गाय' म्हणायचा. गाय तर गाय! अक्षरांशी त्या उत्तराचा संबंधच नव्हता. मग आम्ही मागे गेलो. काना-मात्रा नसलेले शब्द, एका वेळी चार-पाच अक्षरांचा गट, घ आणि ध शेजारी-शेजारी, भ आणि म शेजारी-शेजारी. तिसरीच्या मुलाला पहिलीचे शब्द दिले की त्याला लाज वाटते. इतर पोरं बघतात. त्यामुळे मी पुस्तकच बदललं आणि मध्य रेल्वेची स्टेशनं घेतली.

माझ्या मते मुंबईतल्या मुलासाठी याहून चांगली अंकलिपी नाही. दादर आणि परळ सगळ्यात सोपी, एका कान्यावर काम भागतं. माटुंग्याला उकार आणि अनुस्वार. शीवला दुसरी वेलांटी. भांडुप, मुलुंड उकारांच्या सरावाला. विक्रोळीत क्र, विद्याविहारात द्य, आणि कुर्ल्याला रफार. हा रफार खाल्ला की कुर्ल्याचं काय होतं, ते मराठी वाचकाला सांगायला नको. गणूने तो खाल्ला तेव्हा वर्ग पाच मिनिटं हसत होता, गणूही हसत होता. मीही पाठ वळवून फळा पुसला. गंमत म्हणजे त्या दिवसानंतर अर्ध्या वर्गाला रफार पक्का झाला. गणूला नाही.

पण स्टेशनांचीही तीच अडचण. नावं गाडीतल्या घोषणेतून पाठ. 'घा' दिसला की घाटकोपर, पुढे बघायचं कारणच नाही. म्हणून मी पट्ट्यांमध्ये खोटी स्टेशनं घुसवायला लागले. दारद. रपळ. मुंलुड. पोरांना हा खेळ फार आवडतो, बाईंची चूक पकडायला कोणाला आवडत नाही? गणू मात्र 'दारद'ला दादर आणि 'रपळ'ला परळ म्हणत पुढे जायचा.

गुरुवारी मी 'घोटकापर' लिहिलं. घाटकोपरमधली फक्त एक मात्रा 'क'वरून उचलून 'घ'वर ठेवली, बाकी शब्द जसाच्या तसा. गणूने तोंड उघडलं, 'घा' म्हणायची तयारी झाली आणि तो थांबला. बोट पहिल्या अक्षरावर परत नेलं. "घो..." पुन्हा थांबला. मग पट्टी उचलून माझ्यासमोर धरली. "बाई, हे घाटकोपर नाय. मात्रा हलली."

पूर्ण शब्द त्याला वाचता आला नाही, 'घोटका' म्हणून सोडून दिला. पण अंदाज ओठांवर आलेला असताना तो गिळून त्याने अक्षराकडे बघितलं. आईला खडा वाटतो तो हाच. शुक्रवारी वासराच्या चित्राखाली पुन्हा 'वासरू' दाखवलं, तर 'वासर' म्हणाला. चूकच आहे. पण ही चूक शब्दाच्या इतकी जवळची आहे की तिच्यापुढे जूनमधली 'गाय' कुठल्या कुठे राहिली. त्याची बरोबर उत्तरं मोजली तर जून आणि ऑक्टोबरमध्ये फार फरक दिसणार नाही. चुका शेजारी ठेवल्या तर लगेच दिसतो.

कागदावर हे बसवायचं कसं, हा खरा प्रश्न आहे. लहान वर्गातल्या मुलांना वाचता-लिहिता आणि हिशेब करता यावा म्हणून केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 2021 साली आलं. त्याचं लक्ष्य दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीसाठी किमान 60, तेही अर्थ समजून. माझा त्याला विरोध नाही. फार हळू वाचणारं मूल वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतं, हे रोज बघते. शिवाय त्यात मजकूर मुलाला अनोळखी असावा असं म्हटलंय, आणि घड्याळ लावताना सगळे नेमकं तेवढंच विसरतात. जूनमधल्या गणूला ओळखीची कविता दिली असती तर तो साठच्या पुढे गेला असता आणि आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. आज अनोळखी परिच्छेद दिला तर मिनिटाचे शब्द हाताच्या बोटांवर मावतील.

वाचनाच्या स्तरांच्या तक्त्याचंही तसंच. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. 'असर' या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत 2005 पासून गावागावांतली मुलं याच पायऱ्यांवर तपासली जातात, आणि मूल कुठे उभं आहे हे पटकन कळायला ही पद्धत उत्तम. पण गणू ऑगस्टमध्ये 'शब्द'च्या चौकटीत आला आणि अजून तिथेच आहे. चौकट केवढी मोठी असते, हे तिच्यात अडकलेल्या मुलाला आणि त्याच्या बाईला विचारावं.

संध्याकाळी नोंदी लिहायला बसले. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून आम्ही वर्णनात्मक नोंदी लिहितो, आणि खरं सांगायचं तर त्यांतल्या निम्म्या व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या यादीतून उतरतात. 'स्पष्ट आवाजात प्रकट वाचन करतो' हे वाक्य 'विशेष प्रगती'त जातं. 'वाचताना अडखळतो' हे 'सुधारणा आवश्यक'मध्ये. दरवर्षी, सगळ्या शाळांत. गणूच्या 'विशेष प्रगती'त मी लिहिलं: 'आता वाचताना अडखळतो. अंदाजाने शब्द न सांगता अक्षर पाहून थांबतो. आपली चूक स्वतः ओळखू लागला आहे.' 'सुधारणा आवश्यक'मध्ये रफार. मुख्याध्यापिकाबाई पहिल्या वाक्यावर लाल पेन्सिल ठेवणार, नक्की. ठेवू देत. गणूला घेऊनच जाईन त्यांच्याकडे, सोबत घोटकापर.

सुट्टीची मात्र धास्ती आहे. तीन आठवडे पाटी-पुस्तक बंद आणि गाव जालन्याकडे. म्हणून फाटकापाशी निरोप घेताना गणूच्या आईला एवढं मात्र म्हटलं होतं, गाडीत त्याला खिडकीशी बसवा. मनमाड त्याला येईल. नगरसोल, लासूर, बदनापूर ही नावं त्याने कधी ऐकलेली नाहीत, तेव्हा पाठांतराची सोय नाही, वाचावीच लागतील. चुकला तर चुकू द्या, लगेच सांगू नका.

"बाई, गाडी रातची हाय," ती म्हणाली. "मनमाडला झोपलेला आसंल."

"मग येताना दिवसाची बघा."

"बघते. पण दिवाळीचं तिकिट मिळालं तरी लई झालं. खिडकी कोण देतंय?"