तुम्ही विचारलंत म्हणून : केमोच्या हिवाळ्यात घरात काय वाचायचं?

दिवाळी सरली की हा प्रश्न हमखास येतो. "घरात केमो चालू आहे. दुपार जाता जात नाही. चार दिवाळी अंक आणून उशाशी ठेवलेत, पण पेशंट ते उघडूनसुद्धा बघत नाही. काय वाचायला देऊ?" विचारणारी कधी सून असते, कधी मुलगी, कधी स्वतः न वाचणारा नवरा. त्यांना पुस्तकांची नावं हवी असतात. मी आधी विचारते, आज चक्रातला कितवा दिवस?

केमो म्हणजे कॅन्सरवरची औषधं, आणि चक्र म्हणजे एका डोसापासून पुढच्या डोसापर्यंतचे दिवस. पुष्कळशी केमो २१ दिवसांच्या चक्रानं देतात. काही दर आठवड्याला, तर आतड्याच्या कॅन्सरची बरीचशी १४ दिवसांनी. खाली सांगितलेले दिवस २१च्या चक्राचे आहेत. औषध चढवलं तो पहिला दिवस धरून घरातल्या कालनिर्णयावर पेन्सिलीनं १, २, ३ असे आकडे टाकत जा. कुठल्या दिवशी काय वाचता येईल हे त्या आकड्यावर ठरतं. आवड त्याच्यानंतर.

पहिल्या दिवशी पेशंटसाठी पुस्तक नेऊ नका. रक्ताचा रिपोर्ट, डॉक्टरांची सही, औषध तयार होणं, बेड मिळणं यात निम्मा दिवस जातो आणि त्या वेळात मन ठिकाणावर नसतं. पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधाआधी ॲलर्जी होऊ नये म्हणून एव्हिल आणि स्टेरॉइड देतात. एव्हिलनं झापड येते, पेशंट तास-दोन तास झोपतो. पुस्तक हवं ते शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्याला. पिशवीत शाल आणि पायमोजे मात्र पेशंटचे हवेतच, कारण वॉर्डातला एसी बाहेरच्या थंडीपेक्षा जास्त बोचतो.

पहिल्या दिवशी पुस्तक न नेण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते फार कुणी सांगत नाही. मळमळत असताना जे खाल्लं, ज्याचा वास घेतला, त्याच्याशी मळमळ जोडली जाते. म्हणून केमोच्या दिवशी पेशंटच्या आवडीचा पदार्थ करू नये असं जाणती माणसं सांगतात. पुढे तो पदार्थ समोर आला तरी पोटात ढवळतं. पुस्तकाचंही तसं होऊ शकतं. जन्मभर ज्याची पारायणं केली तो लेखक सलाईनच्या बाटलीखाली नेऊन बसवू नका, त्याला घरीच राहू दे. नव्या अंकाच्या शाईचा वासही पहिल्या तीन-चार दिवसांत नकोसा होतो. अंक आणल्यावर उघडून पंख्याखाली दोन दिवस ठेवला की वास बराच कमी होतो.

दुसरी आणि तिसरी रात्र जागरणाची. हा स्टेरॉइडचा परिणाम. डोळे टक्क उघडे, अंगात खोटा उत्साह आणि घर झोपलेलं. ही वेळ कानांनी वाचायची. फोनवर ऐकायची पुस्तकं मिळतातच, पण घरातल्या माणसाचा आवाज त्याहून जास्त सोबत करतो. पुण्यात नाहीतर परदेशात असलेल्या लेकीला "काय मदत करू" असं वाटत असतं, तिला हे काम द्या. पंखा बंद करून, फोन वीतभर अंतरावर ठेवून एक कथा वाचायची. आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघायचं, मग पुढे जायचं. एक फाइल पंधरा मिनिटांची. त्याहून लांब केली तर मध्येच झोप लागते आणि दुसऱ्या रात्री जागा सापडत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या घरी घ्यायच्या असतील तर त्या सकाळी घेतल्या तर चालतील का, एवढं डॉक्टरांना विचारून ठेवा. संध्याकाळची गोळी झोप उडवते.

चौथ्या-पाचव्या दिवशी स्टेरॉइड थांबतं आणि माणूस एकदम खाली बसतो. अंग दुखतं, रडू येतं, बोलणं नको होतं. या दोन दिवसांत वाचनाचा आग्रह म्हणजे छळ. फार तर एखादी ओवी, एखादी दहा ओळींची कविता, तीही त्यांनी मागितली तर. तुम्ही त्यांच्याजवळ बसून स्वतःचं वाचत बसलात तरी चालतं. पान उलटल्याचा आवाज पुरे असतो.

सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, सगळ्यात खाली असतात. गंमत अशी की याच आठवड्यात वाचायची इच्छा परत येते, आणि मग कुणीतरी माळ्यावरचा ट्रंक काढतो. तो या आठवड्यात काढू नका. जुन्या, ओल लागलेल्या पुस्तकांत बुरशी असते. पिवळे-तपकिरी डाग, कुबट वास आणि बोटाला लागणारी पूड या तिच्या खुणा. धडधाकट माणसाला त्यानं दोन शिंका येतात. पेशी कमी असलेल्याच्या फुप्फुसात तीच बुरशी जाऊन बसू शकते. वाचनालयातून पुस्तक आणायचं तर अलीकडची, कोरडी, घट्ट बांधणीची प्रत निवडा. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी गॅलरीत, मास्क लावून, कोरड्या फडक्यानं ती पुसायची. बुरशीचे डाग असतील तर पुसण्याच्या भानगडीत न पडता परत करायची. कपाट आवरणं, रद्दी काढणं ही कामंही पेशंट घरात नसताना करा.

आणि थुंकी लावून पान उलटायची सवय. आपल्याकडे निम्म्या घरांत ती आहे. केमोत तोंडात छाले असतात, बोट अनेक हातांतून गेलेल्या पानाला लागून पुन्हा जिभेवर जातं. नोटा मोजणारे बोटात घालतात तसली रबरी टोपी स्टेशनरीच्या दुकानात मिळते, किंवा पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरानं पान सरकवता येतं. छाल्यांसाठी कोमट पाण्याच्या पेल्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून गुळण्या करायच्या, गिळायचं नाही, दिवसातून चार-पाच वेळा. वाचायला बसण्याआधी एकदा आणि उठताना एकदा केल्या की राहून जात नाहीत.

याच आठवड्यात थर्मामीटर पुस्तकाशेजारी ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करून हॉस्पिटल गाठायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही आणि आपल्या मनानं पॅरासिटामॉल देऊन ताप झाकायचा नाही. तुमच्या डॉक्टरांनी याहून खालचा आकडा दिला असेल तर तोच पाळा. गरम चहानंतर लगेच तोंडात थर्मामीटर धरला तर आकडा खोटा येतो, वीस मिनिटं जाऊ द्या. थंडीत "गारठ्यानं हुडहुडी भरली असेल" म्हणून लोक गोधडी घालून झोपवतात, ही या मोसमातली सगळ्यात महागात पडणारी चूक. हुडहुडी भरली की आधी ताप बघायचा.

पंधराव्या दिवसापासून पुढचं औषध लागेपर्यंत माणूस बराचसा आपल्यासारखा असतो. लांब कथा, कादंबरीची दोन प्रकरणं, जुना आवडता लेखक, सगळं या आठवड्यात.

आता दिवाळी अंकाकडे येऊ, कारण मराठी घरातलं हिवाळ्याचं वाचन म्हणजे तोच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही रीत आहे, आणि आजारपणाला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. सात पानांची कथा, दीड पानाची कविता, व्यंगचित्र, प्रवासवर्णन. कुठूनही उघडा, कुठेही थांबा. अडचण वजनाची. दोनशे-अडीचशे गुळगुळीत पानांचा अंक पडून वाचताना छातीवर येतो. छातीत केमो पोर्ट (औषध चढवण्यासाठी कातडीखाली ठेवलेली छोटी डबी) बसवला असेल तर तिथेच टेकतो. स्तनाच्या ऑपरेशननंतर त्या बाजूच्या हाताला तो पेलवत नाही. पॅक्लिटॅक्सेलनं बोटांची टोकं बधिर झाली असतील तर हातातून निसटतो. कॅपेसिटाबीन ही केमोची गोळी चालू असेल तर तळहात आणि बोटं सोलवटतात, गुळगुळीत पानाची कडही चिरते.

यावर उपाय म्हणजे अंक सोडवणं. अंक तुमचा आहे, वाचनालयाचा नाही ना, एवढं बघा. पाठीकडून कटरनं एकेक कथा सुटी करा, कडेला दोन पिना मारा, पिनांवर चिकटपट्टी लावा. सहा-आठ पानांची वही तयार होते, एका हातात धरता येते, हॉस्पिटलच्या फायलीत मावते. हे काम पेशंटला देऊ नका. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असताना कटरच्या जखमेचं रक्त लवकर थांबत नाही. सुटं करायला जीव होत नसेल तर पोथी वाचायला मिळतो तो लाकडी घडीचा स्टँड घ्या आणि खाली उशी ठेवा.

सुटं करताना तुम्ही सगळं वाचून घ्या. अंकात एखादा स्मरणलेख कॅन्सरनं गेलेल्या माणसावर असतो. मागच्या पानांवर वार्षिक राशिभविष्य असतं आणि त्यात "प्रकृतीची काळजी घ्यावी" हे वाक्य कुठल्या ना कुठल्या राशीला असतंच. लपवायचं नाही; "यात असं आहे, वाचू का?" असं विचारायचं. कित्येक जण हो म्हणतात. हमखास बरं करण्याच्या जाहिराती मात्र मी सरळ रद्दीत टाकायला सांगते.

मोठ्यानं वाचून दाखवायचं तर कथेच्या एका पानाला तीन-चार मिनिटं लागतात. सहा पानं झाली की थांबा, ऐकणाऱ्याला अजून हवं असलं तरी. केमोत लक्ष टिकत नाही, पात्रांची नावं विसरली जातात आणि विसरलो हे सांगायची लाज वाटते. म्हणून शंभर पानी वही करा. तारीख, चक्राचा दिवस, सकाळ-संध्याकाळचा ताप, औषधं, शौचाला किती वेळा, आणि खाली "कुठवर वाचलं" याच्या दोन ओळी. दुसऱ्या दिवशी त्या दोन ओळी वाचून सुरुवात करायची. आठवतंय का म्हणून परीक्षा घ्यायची नाही. अक्षरं धूसर दिसतात म्हणून लगेच नवा चष्माही करू नका. स्टेरॉइडनं साखर वाढली तरी नजर बदलते. डॉक्टरांना सांगा, साखर तपासा, नंबर उपचार संपल्यावर काढा. तोवर मोठ्या टायपातलं वाचा.

ऑक्झालिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असलेल्यांचा हिवाळा वेगळा. औषधानंतरचे काही दिवस गार वस्तूला हात लागला की झिणझिण्या येतात, गार हवा घशात गेली की श्वास अडकल्यासारखं वाटतं. निफाड-नाशिककडे पारा दहाच्या खाली जातो तिथे सकाळी उठून नळाला हात लावणं, अनवाणी फरशीवर चालणं, स्टीलच्या पेल्यानं पाणी पिणं सगळंच बोचतं. सुती हातमोजे, चपला, नाकावरून मफलर आणि कोमट पाणी. वाचनाची बैठक नऊनंतर. शेकोटीजवळ मात्र नको, धूर वाईटच आणि बधिर पायांना चटका कळत नाही. गरम पाण्याची पिशवीही त्याच कारणानं नको. काही औषधांनी त्वचा उन्हाला नाजूक होते, तेव्हा कोवळ्या उन्हातही डोकं-हात झाकून बसावं.

रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक, असेल तर आठवड्यातले पाच दिवस जायचं, यंत्रावर काही मिनिटं आणि बाकावर तास-दीड तास. तिथे सुटी केलेली एक कथा पुरते. शेकलेल्या जागेवर लोकरीचा मफलर घासू देऊ नका, आत मऊ सुती कापड हवं. अभ्यंगाचं तेल, उटणं त्या जागी अजिबात नाही. घसा शेकत असेल तर पेशंटला वाचायला लावू नका, त्यांनी ऐकायचं. परळला टाटाच्या उपचारांसाठी गावाहून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरणाऱ्या कुटुंबांनी पुस्तकांचं ओझं आणूच नये. अशा सुट्या वीस कथा एका फायलीत आणाव्यात. वाचून झालेली शेजारच्या खाटेवर द्यावी.

संक्रांतीला माणसं येतात. चौदाव्या दिवसाच्या आत असाल तर हळदीकुंकू दुसऱ्या घरी करा. तिळाची वडी, चिक्की छाल्यांवर रुतते. तीळकूट मऊ भातावर तूप घालून चालतं. नातवंडाला सर्दी झाली असेल तर त्यानं शेजारच्या खोलीतून फोनवर धडा वाचून दाखवावा. मुलांना हे फार आवडतं आणि आजोबा चुका काढण्यात रमतात.

एकविसाव्या दिवशी कथा अर्धी राहिली असेल तर घाईनं संपवू नका. वहीत पान लिहा, पीन मारून ठेवून द्या. पुढच्या चक्राच्या पंधराव्या दिवशी काढायची.